ठराव क्रमांक अकरा

खानापूर, स्टेशन रोड, कौल कामगारांची पतपेढी.
मंगळवारच्या सभेला नऊ जण,
त्यातले दोघे नुसते चहाला.

मी लिहून आणलं होतं:
यापुढे संस्थेचं दप्तर अशाच फाईलींत ठेवावं
ज्यांची बांधणी चव्हाट्यावर मांडलेली आहे,
जी कुणीही वाचावी, मोडून पुन्हा जोडावी,
जिच्या किल्लीसाठी
कुठल्या कंपनीच्या दारात तिष्ठावं लागू नये.

परशराम घाडी म्हणाला,
"बरं चाललंय की. उगंच कशाला उकरालीस, अक्का?"

बरं चाललंय.
शहाण्णव साली माझ्याच बोटांनी
मष्णू हलगेकरचा जबाब टाइप केला.
कौलाच्या दाबयंत्रात गेलेला उजवा हात, तीन साक्षी,
खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.
कागद पुढं कोर्टात गेला, तो गेलाच.
फाईल राहिली.
फॉन्ट बेळगावहून विकत आणलेला,
त्याचं कुलूप म्हणजे एक बोटभर खुंटी,
संगणकाच्या पाठीत खोचली तरच अक्षर उमटायचं.
खुंटी हरवली. कंपनी विकली गेली.
विकत घेणारीही विकली गेली.

दिवाळीनंतर मष्णूची लेक आली, तुळसा.
फाईल उघडली तर पडद्यावर
चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एक टोपीवाला इंग्रजी ए.
ईराण्णानं कन्नड फॉन्ट लावून पाहिला,
तर अख्खा जबाब कन्नडात बरळू लागला,
शब्द एकही नाही, नुसती अक्षरं,
तापातलं माणूस बोलतं तशी.

तेव्हा कळलं, त्या फाईलीत
'हात' असं कुठं लिहिलेलंच नव्हतं.
आकडे होते.
कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं
हे ज्याला ठाऊक, तो उठून गेला होता.

"आत हाय न्हवं?" तुळसा म्हणाली. "मग काढा की."

कपाटाच्या खालच्या फळीत मोडीतले कागद आहेत,
भट्टीच्या जागेचे, कुणाच्या तरी पणजाच्या सहीचे.
कडा वाळवीनं खाल्ल्या, शाई तांबूस झाली.
बैलूरचे दाजी सामंत ते अजून वाचतात,
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
मोडी कुणाच्या मालकीची नव्हती.
आम्ही शिकलो नाही, तो दोष आमचा.
माझ्या फाईलीला तेवढाही दोष देता येत नाही,
तिची बाराखडी कुणाला दाखवलीच नव्हती.

सूचक मी. अनुमोदक ईराण्णा होसमनी.
त्यानं साध्या मजकुराच्या फाईलीत
आपलं नाव कन्नडात लिहिलं,
शेजारी मी माझं मराठीत, एकाच ओळीत.
घाडीनं मुद्दाम चार वेळा फॉन्ट बदलला.
दोघं जागच्या जागी.

पुढं तपशील:
प्रती तीन, एक इथं, एक बेळगावला, एक लोंढ्याला भाचीकडे.
ज्या फाईलींत चित्रं, सह्या, शिक्के,
त्यांनाही हाच नियम.
सोबत छापील कागदावर, दोन्ही भाषांत,
ह्या फाईली कशा वाचाव्यात ते.
आणि दर पाच वर्षांनी प्रत्येक उघडून बघावी.

"कुणी?" खजिनदारांनी विचारलं.
कपबशा वाजल्या.
मी एकसष्टची. सगळे माझ्याकडेच बघत होते.

ठराव मंजूर. घाडी तटस्थ,
त्याला नेमका तेव्हाच फोन आला.

रात्री घरी नवी फाईल उघडली.
वर लिहिलं: ही आठवण आहे, जबाब नव्हे.
खाली तेवढं एकच वाक्य
जे टाइप करताना तेव्हा बोटं थांबली होती:
"भोंगा वाजला न्हाई, म्हणून हात काढला न्हाई."

जतन केली. बंद केली.
परत उघडून बघितली.