घराला कोपरा नाही

दवाखान्यातली बाई म्हणाली,
आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवा.
मी मान डोलावली.
आमचं घर गोल आहे, हे काही तिला सांगितलं नाही.
नमद्याचं घर. मधोमध चूल.
एकच दार, तेही दक्षिणेकडे,
आणि खोकल्याला जाऊन बसायला
कोपरा म्हणून नाहीच कुठे.

उलानबातरच्या उत्तरेच्या टेकडीवर, शेवटच्या कुंपणाशी,
बाहेर उणे एकतीस,
आत डुलमाच्या अंगात एकोणचाळीस.

मग मीच खोली केली.
छताच्या दांड्यांना दोरी बांधून
रजईची जुनी खोळ सोडली खाली.
पलीकडे तिचा पलंग, तिचा थर्मास,
थुंकायला राख घातलेला डबा.
अलीकडे आम्ही तिघं,
मेंढ्यांसारखे एकमेकांना चिकटून.
तिच्याच नखरंगाचा एक ठिपका
तिच्या वाटीच्या बुडाला लावला.
ठिपक्याची वाटी वेगळी उकळायची.
बिल्गून अकरा वर्षांचा, त्याला हे लगेच कळलं.
खोंगोर चार वर्षांची, तिने स्वतःच्या
वाटीलाही ठिपका मागितला.
नाही दिला. रडली.

पाणी खाली, टेकडीच्या पायथ्याशी.
दोन कॅन, एक घसरगाडी, बिल्गूनचे दोन हात.
इतकी वर्षं पोरांना सांगत आलो,
थेंब सांडाल तर कान उपटीन.
आता म्हणतो, सांडा. साबण लावा, फेस होऊ द्या,
वीस अंक मोजा, मग सांडा.
पोरगा माझ्याकडे असा बघतो
की ताप बापालाच आलाय.

हात धुवायची टाकी भिंतीला टांगलेली,
खाली खिळ्यासारखा नळ,
तळव्याने वर ढकलला की धार.
दुसऱ्या दिवशी रात्री, अर्धवट झोपेत, डोक्यात आलं:
घाणेरडा हात आधी तिथेच लागतो,
सगळ्यांचा, त्याच खिळ्याला.
तसाच उठलो. खिळा व्होडकाने पुसला.
उरलेली व्होडका प्यायलो नाही,
हे डुलमाला पटत नाही अजून.
तेव्हापासून आम्ही मनगटाने ढकलतो.

दिवसातून तीनदा छताचं झाकण ओढून
आकाश उघडतो.
रोगट हवा जाते, तिच्यामागून
अर्ध्या पोत्याची ऊब जाते.
मी कोळशाकडे बघत उभा राहतो
आणि मनात शंभरापर्यंत मोजतो,
थोडं भरभर.

लुव्सान आजोबा आले, रीतीप्रमाणे
तपकिरीची बाटली पुढे केली.
बाटली नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावणं.
मी दोन्ही केलं.
दाराच्या फटीतून म्हणालो, घरात ताप आहे.
ते थोडा वेळ गप्प उभे होते.
मग स्वतःच एक चिमूट ओढली, शिंकले,
हातातलं वाळवलेलं दही उंबऱ्याबाहेर ठेवलं
आणि बर्फ तुडवत निघून गेले.

आमच्यात लेकराचा मुका घेत नाहीत, हुंगतात.
गालाला नाक लावून श्वास आत ओढायचा,
पोर किती वाढलं ते कळतं म्हणे.
चौथ्या रात्री खोंगोर पडद्याशी उभी,
गाल कापडाकडे करून.
मी हाताला धरून मागे ओढली.
तिने डोक्यावरची टोपी काढली
आणि पडद्यावरून पलीकडे फेकली:
आई, हिला हुंग.
बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
मग डुलमा म्हणाली, नाक बंद आहे गं.
कशाचाच वास येत नाही.
ती टोपी मी सकाळी उकळली.
लोकर आटली, आता बाहुलीला येते.

नवव्या दिवशी पडदा काढला.
डुलमाने पोरीला मांडीवर घेतलं,
गालाला नाक लावलं, श्वास ओढला,
आणि तोंड वाकडं केलं.
साबण! नुसता साबण येतोय.
ही कुणाची मुलगी आणलीत?

खोंगोर एक शब्द बोलली नाही.
बूट चढवले, दार ढकललं, बाहेर गेली.
अर्ध्या तासाने परत आली,
नाकाला शेंबूड, गालावर काजळी,
अंगाला शेजारच्या कुत्र्याचा वास,
आणि आईसमोर गाल पुढे करून म्हणाली,
आता बघ.