पंधरा की ऐंशी

रावपुऱ्यात किरीटभाईंच्या काचेवर दोन पाकिटं.
एकात धुकं, एकात डांबर.
"बेन, आरपार के जाडुं?"
मागे दोघी बायका रुमालांसाठी खोळंबलेल्या.

नोकरी हरणीच्या विमानतळावर, काउंटरमागे.
स्कर्ट गुडघ्यापर्यंत, केस बांधलेले, नखं इतकीच,
आणि नियमांच्या कागदात शेवटून दुसरी ओळ:
पायांत काळे टाइट्स.
किती काळे, ते लिहायचं राहून गेलेलं.
एवढं एकच माझ्यावर सोपवलं त्यांनी.
मी दोन्ही घेतले.

आई म्हणाली, सलवार काय वाईट होती.
अप्पांनी चष्मा शोधला.
सत्तावीस वर्षं नायलॉनच्या कारखान्यात गेलेला माणूस
किंमत बघत नाही, डेनियर बघतो.
म्हणाले, नऊ हजार मीटर धागा सोड
इथून, दांडिया बाजारातून,
मकरपुऱ्याचा डेपो मागे टाकून जाईल.
आता तो सगळा गोळा करून तराजूत घाल.
पंधरा ग्रॅम.
मी चहात घालते त्याहून थोडी जास्त साखर.
आणि हा दुसरा, ऐंशी. वाटीभर डाळ.

मग माझ्याकडे न बघता
वाटीभर डाळ माझ्याकडे सरकवली.
"हाच घाल."

थंडीचं नाव नव्हतं. नवरात्र नुकतं उठलेलं,
टाचा अजून ठणकत होत्या.
नऊ रात्री घेरदार चणियाखाली
कोणी काही पाहिलं नव्हतं.

उजव्या पोटरीवर आहे तो, जुन्या रुपयाएवढा.
सात वर्षांची मी, सूरसागरच्या काठाशी,
फुगेवाला निघून चाललेला,
अप्पा म्हणाले उतर लवकर,
मी उतरले सायलेन्सरच्या बाजूने.
कोणीतरी टूथपेस्ट आणली. अप्पा फुंकर घालत राहिले.
राजदूत त्याच आठवड्यात विकली.
तेव्हापासून ते माझ्या चेहऱ्याशी बोलतात,
नाहीतर फरशीशी.
मधलं सगळं वगळून.

पहिल्या दिवशी पहाटे आधी ऐंशी चढवले.
कपाटाच्या आरशात दोन पाय,
कोणाचेही असतील असे.
काढले.
पंधरा चढवले, श्वास धरून, मुठीत गोळा करत,
आणि डाग आला वर,
काळ्या चहात पडलेल्या बिस्किटाच्या तुकड्यासारखा,
विरघळत चाललेला, पण आहे.
बरं वाटलं. का ते विचारायला वेळ नव्हता,
कारण तेवढ्यात नख लागलं.
घोट्यापासून एकेक टाका सुटत
रेघ वर पळाली,
डागाच्या बोटभर खाली थबकली.

"हलू नकोस."
अप्पा दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे.
आईच्या ड्रॉवरमधून बिनरंगाचं नेलपेंट आणलं,
गुडघे कडकडा वाजवत खाली बसले,
रेघेच्या वरच्या टोकाला एक ठिपका,
खालच्या टोकाला एक.
"धागा चांगला आहे," म्हणाले, "वीण सैल आहे."
आणि फुंकर घातली.
नेलपेंट वाळलं.
तरी आणखी एकदा घातली,
ठिपक्याच्या जरा वर.

रिक्षा खाली हॉर्न देत होती.

ऐंशीचं पाकीट शनिवारी परत न्यायला गेले.
फोडलेलो माल नहीं लेता, किरीटभाई म्हणाले.
असू दे.
जानेवारीत पहाटेची पाळी लागली की होईल.