अकरा मिनिटं

हिशेब बंद करायची रात्र. मकरपुरा जीआयडीसी.
वरच्या मजल्यावर ईआरपी म्हणतं
अकरा हजार आठशे चाळीस.
खाली शॉपवरचा डबा, तेलकट काचेमागून,
म्हणतो छप्पन्न.
सोळा नग. व्हॉल्व्हच्या पितळी सीट,
मुठीत सहा मावतील एवढ्या.

अमीनसाहेब फोनवर: खांबेटेबेन, सोळ ज ने?
राइट-ऑफ करी नाखो.
नाही केलं.
पगारपत्रकात मी खांबेटे,
गेटच्या रजिस्टरात बारा वर्षं खंभाती,
आणि दोन्हीकडे रोज हजर.
खोटं कुणीच बोलत नसतं,
तरी बेरीज चुकते, हे मला ठाऊक आहे.

आधी पार्ट नंबर जुळवले.
वर शेपटीला आर-टू, खाली नुसता आर.
मग रिवर्कचा ट्रे उपसला. मग भंगाराची पेटी.
सव्वादोनला सात नंबरच्या मशीनपाशी गेले.
धुळाभाई रोहित: एक नग, एकेचाळीस सेकंद, एक नग.
मान न वळवता म्हणाले,
"वीस तारीखे लाइट गई'ती ने,
त्यारथी आ घडियाळ ढीलुं छे."

मोबाइल डब्याशेजारी धरला.

वर एप्रिल लागला होता
आणि इथे मार्च अकरा मिनिटं रेंगाळून
सोळा नग पाडून मग निघाला होता.

घड्याळ सरळ केलं. सोळा ओळींची तारीख बदलली,
शेऱ्यात कारण लिहिलं, माझं नाव लिहिलं.
खांबेटे.
फरक शून्य. चहा केव्हाच गार झालेला,
तसाच प्यायले.

आठवड्याने धुळाभाई गेटवर भेटले, हातात सायकल.
"बेन, हवे वहेलो घरे पहोंचुं छुं."
बरं झालं की, म्हटलं.
ते हसले नाहीत.

जांबुव्याला त्यांची बायको सकाळी
डेरीवर दूध भरायला जाते,
किल्ली तिच्या कनवटीला.
डब्याच्या वेळेने सुटायचे तेव्हा
रिकामी बरणी आणि सायकल
दारात बरोबर एका वेळी यायची.
वीस तारखेपासून दहा-बारा दिवस.
त्याआधी कधी असं झालं नव्हतं, म्हणाले,
लग्नाला एकतीस वर्षं झाली.

आता ओट्यावर बसतात, बूट काढून.
अकरा मिनिटं.
डेरीवर फॅट मोजायचं यंत्र अडलं
तर वीससुद्धा.