धूळ आणून दाखवा

नकाशा तिथे नका पसरू, ग्रीस लागेल.
इकडे या, या फळीवर. किटली जरा सरकवा.
हं. आता भांडा.

सकाळपासून ऐकतेय तुमचं.
एमेलीला पामीर हवंय,
म्हणजे जगाचं छप्पर, म्हणजे फोटो.
त्याची बायको सोन-कुलच्या तळ्यावर अडून बसलीय,
गवत, घोडे, तंबूतली झोप.
जो तो आपलंच घोडं पुढे दामटतोय,
आणि ज्यांची ही शेवटची लांबची फेरी
ते तौनो गप्प,
चहात बुडवलेली रोटी चहातच विसरलेत.

खरं सांगते, यातलं मी काहीच पाहिलेलं नाही.
बत्तीस वर्षं झाली या गॅरेजला, ओशमध्ये, बाजारामागे,
आणि माझी सगळ्यात लांबची सफर
कालव्याच्या पुलापर्यंत. अकरा किलोमीटर.
दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी तिथवर नेते
आणि कान देऊन परत आणते.

पण प्रदेश येतात माझ्याकडे,
एअर फिल्टरमध्ये बसून.
काझारमानची धूळ तांबडी, ओली केली की मेंदीसारखी,
नखांत आठवडाभर राहते.
पामीरची राखाडी, जिभेवर ठेवली तर किंचित खारट
(हो, ठेवते. हसा.)
आणि तिच्यासोबत चेपलेल्या रिम, फुटलेले आरसे,
कधी एकमेकांशी न बोलणारं एखादं जोडपं.
अर्सलानबोबहून अक्रोडाच्या पानांचा चुरा,
एकदा तर अख्खी मधमाशी, वाळलेली.
ती त्या डबीत आहे, नटांच्या शेजारी.
सोन-कुलहून आलेली गाडी उघडली की पाणी निघतं.
ओढा अचानक वाढला, असं सांगतात सगळे.
दरवर्षी अचानकच वाढतो तो.

सगळ्यात चांगला कुठला,
ते एकाही फिल्टरने सांगितलं नाही.

तौनो, तुम्ही जरा बसा बरं सीटवर.
पाहिलंत? टाचा अधांतरी.
घोडं इथे पेंड खातंय
आणि ही पोरं चार हजार मीटरवरच्या खिंडी मोजतायत.
उतारावर, सैल खडीत, डावा पाय टेकायला जावं
आणि खाली जमीनच नसावी,
एकाहत्तराव्या वर्षी ती कुठून आणायची?

उतरा. सीट काढते.
फोम पावाच्या सुरीनेच नीट कापला जातो,
फक्त सुनेला कळता कामा नये.
पुढून दोन बोटं, मागून एक,
इथे जरा गोलाई, मांडीला रुतू नये म्हणून.
आता बसा.

हं.
दोन्ही पाय.

एमेली, तू काही बोलू नकोस.
त्यांना राहू दे तसंच थोडा वेळ.

नकाशाचं म्हणाल तर, अरेच्चा,
किटलीचं वर्तुळ उमटलं की त्याच्यावर.
बघू कुठे. चातकाल.
वर, डाव्या अंगाला, घडीत दबलेलं.
इथली धूळ माझ्याकडे कधी आलीच नाही.
लाल की पांढरी, काही कल्पना नाही मला.
रस्ता? असेल.
उन्हाळ्यात ट्रक जातात म्हणे, मधाचे डबे आणायला.
चांगला आहे का, ते मी कशी सांगू?

कुठेही जा, क्लचची तार एक जादा घ्या,
थोडी साखर घ्या,
आणि रात्री गाडी उताराकडे तोंड करून लावा,
पहाटे बॅटरी रुसली तर ढकलायला नको.
पामीरला गेलात तरी हेच.
तळ्यावर गेलात तरी हेच.

पण या वर्तुळात गेलात
तर वाटेत कुणाचं ऐकून
फिल्टर धुऊ नका.