शिंक

पथारीवर ओली मिरची पसरली की
नंदुरबारची निम्मी वस्ती शिंकते.
मी शिंकत नसे.
नाकाशी आली की एका हातानं जमीन धरायची,
दुसऱ्यानं डावी कंबर,
आणि दात आवळून तिला आतल्या आत मारायची.
सुटलीच, तर कमरेतून पोटरीपर्यंत
लख्खकन तार जायची
आणि मांडीवरची अर्धी पाटी सांडायची.

सव्वीस वर्षं देठं खुडते आहे.
उकिडवी, मांडी घालून, एक पाय लांब करून,
जसं बसवेल तसं.
मजुरी किलोवर. दुखणं फुकट.

आधी बिब्बा घातला. डाग अजून आहे.
मग नणंदेनं तापवलेली वीट बांधली.
मग झिपरूअण्णा आले, पायाळू,
साऱ्या गल्लीची उसण त्यांच्या टाचेत.
"वाकी जाय," म्हणाले, आणि लाथ घातली.
तीन दिवस भिंत धरून मोरीत गेले,
चौथ्या दिवशी, म्हाताऱ्याची लाज राखायला, सांगितलं:
बरं वाटतंय.

पाठ कुणाला दाखवणार?
रक्त नाही, ताप नाही, पट्टी नाही.
सासू म्हणे, बाईनी कंबर दुखसच.
मुकादम म्हणे, सुपडाबाई, सिझन सरना का ऱ्हाई जाई.
मीही तेच म्हणे,
आणि मिठाच्या बरणीमागून गोळी काढे.

सिव्हिलमध्ये गेले ती नातवाच्या खोकल्यासाठी.
बाकावरून उठताना मला पाहिलं एका पोरीनं.
हर्षिला पाडवी, धडगावकडची,
कोट एक माप मोठा.
म्हणाली, मावशी, शिंकताना कळ येते का?

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी पुन्हा बाकावर बसले.
रडू आलं, ते मिरचीवर ढकलावं
तर तिथं मिरची नव्हती.

तिनं पाय उचलून पाहिला, किती वर जातो ते मोजलं,
अंगठा दाबला, इथं बधिर वाटतं?
सगळं कागदावर घेतलं.
माझं दुखणं पहिल्यांदा कुणाच्या तरी अक्षरात उतरलं.
मग म्हणाली, लाथ आता कुणाचीच खायची नाही.
पालथं झोपा. कोपरांवर छाती उचला. दहादा.
आणि अर्ध्या तासानं उठायचं,
पाटी भरो ना भरो.

एवढंच? मला वाटलं.
यासाठी का एवढा कोट?

दहा दिवस काही झालं नाही.
अकराव्या दिवशी कंबर जास्तच धरली, मी गेलेच नाही.
मुलाच्या मोबाइलवर तिचा फोन.
"कळ पायात आहे की कमरेत?"
कमरेत, मी चिडून म्हणाले.
"मग चांगलं. वर सरकतेय."
दुखणं बिऱ्हाड हलवतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आता दुपारी पोतं अंथरते,
ढिगाच्या लाल काठाशी पालथी होते, मान वर.
"घोरपड उनी वं, घोरपड!" बाया हसतात.
मुकादम घड्याळ बघतो.
दिवसाला तीन किलो कमी भरतात, खोटं कशाला बोलू.
सोमवारी निंबाबाई, सगळ्यांत जोरात हसणारी,
पोत्याजवळ वाकली, तीही भिंत धरून.
"मनी बी दुखस. कोनले सांगू नको."
मी म्हटलं, सांग तूच.
आणि सरकून जागा केली.

पुरती बरी नाही.
थंडीत पहाटे अंगठ्यात मुंग्या येतात,
हंडा अजून सूनच उचलते.
पण परवा ढीग उलथताना वारा फिरला.
नाकाशी आली.
हात सवयीनं कमरेकडे निघाला,
अर्ध्या वाटेतून मी तो परत घेतला.

शिंकले. मोठ्यांदा. पदरसुद्धा न लावता.

मग तारेची वाट पाहत
तशीच उभी राहिले,
तोवर दुसरी आली.