अस्तर

रविवारी तिला कापायचीच होती.
नणंदेचे यजमान येणार म्हणून
देविदासनं चार दिवस आधीच हेरून ठेवलेली:
काळी, अंड्यावरून उठलेली, अंगानं भरलेली.
मुंगसाला मात्र रविवारपर्यंत दम निघाला नाही.

शुक्रवारची भर दुपार, गाव सगळं वेचणीला,
मी मशीनवर. शाळेतल्या बाईंचा राणी रंगाचा ब्लाउज,
गळा तेवढा राहिला होता.
ओरडा ऐकला आणि हातातल्या कैचीसकट धावले.
पराटीच्या ढिगाआडून ते कुडाखाली शिरलं,
तोंडात पिसं घेऊन.

पंचफुला दारातूनच म्हणाली,
"टाकून दे वं दुर्पता. मुंगसाचं उष्टं कोनी खाते का?"
म्हणजे एका परीनं
वाचलीच होती ती.

वाटीनं पाणी पाजलं.
चोचीतून आत गेलं आणि गळ्याच्या भोकातून
माझ्या पदरावर आलं,
सोबत सकाळची ज्वारी, जशीच्या तशी.
अकरा दाणे. का मोजले, ठाऊक नाही.

दारव्ह्याच्या डॉक्टरांना फोन लावला.
"कोंबडी?" म्हणाले, आणि थांबले.
"ताई, दीडशाचं पेट्रोल जाते मले तिथं यायले."
मग काय वाटलं कोण जाणे,
"शिवता येते का तुमाले?"

शिवता येते का!
बावीस वर्षं झाली, या गावात
माझ्या टाक्याशिवाय कोणी बोहल्यावर उभी राहिली नाही.

सुई उकळली.
दोरा बदलायला हात मोकळा नव्हता, राणी रंगाचाच ओवला.
तिला उशीच्या खोळीत घातली, मान तेवढी बाहेर.
आत थैलीचं कातडं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं,
वर पिसांचं, जाड.
दोन्ही एकदम शिवू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
आधी अस्तर, मग कापड.
नाहीतर झोळ येतो.
आत पाच टाके, बाहेर सात.
ती एकाच डोळ्यानं बघत होती माझ्याकडे.
बरं झालं.
दोन डोळे मला झेपले नसते.

मग मशीनखाली टोपलं, टोपल्यात चिंध्या,
हळद, खोबरेल, ड्रॉपरनं गुळाचं पाणी, पातळ पेज.
पायडल फिरलं की ती डोळे मिटायची.
बाहेर सोडली एकदा, तर बाकीच्या कोंबड्या
त्या राणी रंगावर टोचायला धावल्या.
पुन्हा आत.

पाहुणे पाटोडीचा रस्सा खाऊन गेले.
"मस्त झाला" असं दोनदा म्हणाले.
दोनदा म्हणजे रागावलेच असणार.
बाईंचा ब्लाउज मंगळवारी गेला.
त्यांना काय माहीत,
दोन गळ्यांना एकाच रिळाचा दोरा आहे.

सहाव्या दिवशी तिनं टोपल्यात घाण केली,
घट्ट, पांढऱ्या टोकाची.
पोराच्या दहावीच्या निकालाला
मी एवढी हसले नव्हते.

दाणा ठरू लागला, पिसं फुटू लागली,
आणि मला घोर लागला.
बरी होणं म्हणजे पुन्हा कापण्याजोगी होणं,
हे टाके घालताना सुचलंच नव्हतं.

देविदास तिला उचलतो, तळव्यावर तोलतो.
"भरली का वं?"
"आतला टाका ओला हाये अजून."
तो ठेवून देतो खाली.
लग्नाला चोवीस वर्षं झाली,
ब्लाउज उलटून बघितलेला नाही त्यानं कधी.

संक्रांतीला विचारलं. ओला हाये.
परवा होळीला पुन्हा विचारलं.
मी म्हटलं, ओलाच हाये,
आणि कुडाकडं बघायचं टाळलं.
तिथं वरच्या काठीवर चढून
ती पंख झाडत होती.