शेऱ्याचा रकाना

पारसिकच्या उतारावर, बेलापूर संपता संपता,
धर्मगुरू घडवणारं हे कॉलेज.
मला बोलावलं होतं त्याचं उरलेलं आयुष्य मोजायला.
हातात हॅमर, पर्समध्ये टेप,
मागे शिडी घेऊन रूपेश,
आणि कमिटीचं पत्र: इमारत गोदामासारखी दिसते,
प्लास्टर करून क्रीम रंग द्यावा,
दर्शनी बाजूला कमानी बसतील का, तेही कळवावं.

मलाही आधी गोदामच वाटलं, खोटं कशाला बोलू.
राखाडी. ना घुमट, ना मनोरा.
क्रूससुद्धा कुठे टांगलेला नाही;
वेदीमागच्या भिंतीत एक उभी फट, एक आडवी,
सकाळी साडेनऊला त्यातून ऊन उतरतं
आणि क्रूस फरशीवर पडतो.
दहाला बाकांवर चढताना मोडतो,
साडेदहाला नसतो.

मी भिंत ठोकत गेले.
अठ्ठावीस. एकतीस. एकतीस. चौतीस.
रूपेश आकडे पुटपुटत लिहून घेत होता.
मागच्या बाकावरच्या दोन विद्यार्थ्यांना वाटलं
आमचा काही जप चाललाय,
ते उठून उभे राहिले.

काँक्रीटचा चेहरा इथे कुणी पुसलेला नाही.
सेंटरिंगची फळी होती तशी उमटली आहे:
आंब्याच्या लाकडाच्या गाठी, करवतीचे दात,
एके ठिकाणी खिळा वाकवून ठोकल्याची घाई.
लाकूड कधीच कुणाच्या चुलीत गेलं असेल,
पोत मागे राहिला.
व्हरांड्याला कठडा नाही, बाकच कठडा.
जाळीची भोकं खाडीकडे तिरकी,
वारा आत येतो, पाऊस बाहेर थांबतो.
जिन्याची पायरी पाचच इंच,
झग्यात पाय अडकू नये म्हणून;
हे फादर बस्त्याव यांनी सांगितलं,
गुडघा चोळत, तिसऱ्या पायरीवर बसून.

नकाशे तळघरात निघाले, वाळवीने कडा खाल्लेले.
वास्तुकाराची सही लागत नाही.
समासात शिसपेन्सिलीने मात्र स्वच्छ:
प्लास्टर नाही.
आणि खाली, दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाच्या रागाने:
एकदा सांगितलं.

खांबांना बारीक भोकं पाडून औषध फवारलं.
काँक्रीट थकलं असेल तर रंग येत नाही,
आत अजून जीव असेल तर गुलाबी होतं.
गच्चीखालच्या दोन तुळ्या कोऱ्याच राहिल्या,
सळई गंजून फुगलीय, ते मी लपवणार नाही.
पण प्रार्थनागृहाचा खांब असा लाजला
की रूपेशला हसू आवरेना.

छत तपासायला मान वर केली
तर दाराच्या आतच, डोक्यावर,
उठावाची पाच-सहा इंची अक्षरं. उलटी.
फादर म्हणाले, वर नको, खाली बघ.
खाली पवित्र पाण्याचं दगडी भांडं.
पाणी स्थिर व्हायला थोडा वेळ लागला.
एकवीरा.

दिवाळे गावातल्या कुणाची होडी मोडली असणार,
ठेकेदाराने फळ्या स्वस्तात उचलल्या,
कोरलेलं नाव तसंच ओतलं गेलं.
आधीच्या रेक्टरांनी ते घासून काढायला
गावातूनच माणूस बोलावला होता.
तो आला, पाण्यात वाकून वाचलं,
छताला हात जोडले,
आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.
त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

अहवाल अठरा पानांचा झाला.
तुळ्या: दुरुस्ती, सहा महिन्यांच्या आत.
गच्ची: गळती, नव्याने वॉटरप्रूफिंग.
कमानी: जुना पाया भार पेलणार नाही.
(हे अर्धं खोटं आहे.)
शेऱ्याच्या रकान्यात जागा दोनच ओळींची.
लिहिलं, छत सुस्थितीत.
होडीचं नाव उलटं आहे, तो दोष धरू नये.

मग ड्रॉवरमध्ये शिसपेन्सिल शोधली.
समासात:
दोनदा सांगितलं.